चार वर्षांपूर्वीचा समुद्र

समुद्र घरात आणायचा म्हणजे आधी जमिनीला विचारावं लागतं. खारं पाणी गोड्या पाण्याहून जड, त्यात बोटभर जाडीची काच, खडक आणि खालचा लोखंडी सांगाडा. दीपश्रीने वजनाची बेरीज केली तेव्हा ते एका भरलेल्या टेम्पोएवढं निघालं. मग चौथ्या मजल्यावरचा आपला फ्लॅट सोडून ती, तिचा नवरा तन्मय आणि चाकाच्या खुर्चीतले तिचे वडील आबा त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. तरी सोसायटीचे सेक्रेटरी मोजपट्टी घेऊन आलेच.

"मॅडम, ही फुटली तर पार्किंगमध्ये होड्या लागतील."

"लागूं देत," खुर्चीतून आबा म्हणाले. "वल्हवूक मी आसंय."

दीपश्री वळून बघतच राहिली. आई गेल्यापासून आबांनी केलेला हा पहिला विनोद होता.

आबा म्हणजे यशवंत तारी. मालवणच्या बाजूला, किनाऱ्यापासून थोडं आत, वेताळखडप नावाचा पाण्याखालचा खडक आहे आणि त्यावर प्रवाळांची वस्ती. आबा उमेदीच्या काळात पर्यटकांना तिथे बुडी मारायला न्यायचे. एकदा एका घाबरलेल्या पोराला वर आणताना स्वतः फार वेगाने वर आले. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला आणि त्याचे बुडबुडे मणक्यात अडकले. पाय कायमचे कमजोर झाले. पुढे हृदयानेही कुरकुर सुरू केली, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला, आणि बायकोच्या मागे एकटे पडलेल्या आबांना दीपश्रीने पुण्याला आणलं. इथे ते खिडकीजवळ बसत. खिडकीतून पाण्याची टाकी आणि टाकीवरची कबुतरं दिसत. जेवलात का विचारलं तर मान हलवत, बाकी शब्द नाही.

दीपश्री समुद्री मत्स्यालयं बांधायची. ती सागरी जीवशास्त्र शिकलेली होती आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत रंगीत मासे सोडून पोट भरत होती. तिनेच ठरवलं, आबांसाठी एक टाकी बांधायची; पण साधी नाही, प्रतिबिंब-टाकी.

प्रतिबिंब-टाकी मुळात संशोधकांसाठी निघाली होती. समुद्रात एक बोया तरंगत असतो. पाण्याचं तापमान, क्षार, आम्लता, उजेड आणि प्रवाहाचा वेग तो दर दहा मिनिटांनी उपग्रहाकडे पाठवतो. घरातली टाकी ते आकडे घेते आणि स्वतःला तसं करून घेते. तिथे पाणी तापलं तर इथला हीटर चालू, तिथे ढग आले तर इथले दिवे मंद. तिथे उधाण असलं की इथले पंप जोरात फिरणार, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत संथ. समुद्राच्या एका तुकड्याचं दहा मिनिटं मागे चालणारं आयुष्य घरात. वेताळखडपावर एका संशोधन संस्थेचा असा बोया होता.

टाकी भरली तरी दोन महिने तिच्यात एकही मासा नव्हता. गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ विरघळवलेलं, खडक रचलेले, फेस काढणारं यंत्र गुरगुरतंय, आणि बाकी सगळं रिकामं.

"गो, मासो कधी सोडतलंस?" आबा रोज विचारत.

"आबा, आधी खडकांवर जीवाणू वाढायला हवेत. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. हे जीवाणू त्याला खाऊन सौम्य करतात. आधी घाण खाणारे तयार व्हायचे, मग घाण करणारे यायचे."

"म्हणजे आमच्या पंचायतीच्या उलट."

पोवळी घेऊन आला भालचंद्र, आबांचा धाकटा भाऊ. दीपश्रीचा भालूकाका अजून रोज वेताळखडपावर बुडी मारायचा. संरक्षित जीव घरी ठेवायला संस्थेची परवानगी लागे. ती आबांच्या नावाने मिळाली होती, जतनदार म्हणून. काका थंड पेटी मांडीवर घेऊन रात्रभर बसमध्ये जागत बसून आला. जांभळी, पोपटी, मधाच्या रंगाची, बोटाएवढी प्रवाळं त्याने स्वतःच्या हाताने खडकांवर चिकटवली.

"ही तुझ्या बुडीच्या जागेकडची, दादा. ही घळीतली. आणि ह्या शिंगवाला, वळखलंस?"

"अरे, ह्या खाली मी माझो चाकू हरवलंय!"

"तो गावलो नाय अजून. गावलो तर पाठवतंय."

त्या दिवसापासून आबांची खुर्ची खिडकीकडून टाकीकडे वळली. वर्षभरात प्रवाळं मुठीएवढी झाली, त्यांच्या फटींतून निळे मासे फिरू लागले. आबा सकाळी उठून आधी टाकीसमोर येत. "आज उधाण हा," म्हणत. "आज पाणी गढूळ आसतला, वारो दक्षिणेकडून आसा." आणि अधूनमधून संध्याकाळी काकाला फोन करून खात्री करत. दोघे भाऊ पाऊण तास पाण्याबद्दल बोलत. तन्मय म्हणायचा, "एवढं मी तुझ्याशी लग्नाआधीसुद्धा बोललो नव्हतो."

दुसऱ्या वर्षी मार्चपासूनच बोयाचे आकडे चढू लागले.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याचं पोट एक सूक्ष्म शेवाळ भरतं. ते त्याच्या अंगात राहतं, उन्हापासून अन्न बनवतं आणि त्याला रंगही देतं. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी अंशभर जरी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर शेवाळाची यंत्रणा बिघडते आणि ते अन्नाऐवजी जहाल प्राणवायू सोडू लागतं. प्रवाळ त्याला बाहेर हाकलून देतं. मग उरते पारदर्शक कातडी आणि तिच्या खालून दिसणारा पांढरा सांगाडा. प्रवाळ लगेच मरत नाही, उपाशी राहतं. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं. नाही निवलं तर संपलं.

एप्रिलच्या सुरुवातीला दीपश्रीला शिंगाच्या टोकाशी फिकटपणा दिसला. आबांना अजून दिसला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात होती. पण आठवड्याभरात आंधळ्यालाही दिसला असता. तिने खुर्चीतल्या आबांकडे पाहिलं. ते माशांशी बोलत होते.

टाकीत एक सोय होती. जुने आकडे साठवलेले असत आणि बोया बंद पडला तर टाकी त्यांच्यावर चालवता येई. दीपश्रीने चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा निवडला. तो सौम्य होता. पण तारखेला तारीख जुळवून भागणार नव्हतं. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि आबा तिथीवर. तारखेने जुळवलं असतं तर ऐन पौर्णिमेला टाकीत भांगासारखं सुस्त पाणी फिरलं असतं, आणि आबांनी पहिल्याच दिवशी पकडलं असतं. म्हणून तिने जुन्या वर्षाची चैत्री पौर्णिमा या वर्षीच्या चैत्री पौर्णिमेवर बसवली आणि पुढचे दिवस ओळीने लावले. काम चोख झालं. टाकीचं पाणी हळूहळू निवलं, शिंगाचा रंग भरून आला.

"किती दिवस?" तन्मयने विचारलं.

"पाऊस लागेपर्यंत. मग समुद्र आपोआप थंड होतो. मग परत जोडते."

"आणि आबांना?"

"काय सांगू? तुमचं खडप आजारी आहे आणि तुम्ही काही करू शकत नाही?"

"असंच सांगायचं असतं."

"तुझे वडील रोज सकाळी चालायला जातात, तन्मय. तुला हे सोपं आहे."



पंधरा दिवसांनी काकाचा फोन आला. आबांनी तो भिंतीवरच्या पडद्यावर घेतला. काका होडीतच होता, केसांतून पाणी निथळत होतं.

"दादा, वेताळखडप पांढरा पडाक लागला. पच्छिमेची बाजू तर हाडासारखी दिसता. पाणी बत्तिसाच्या वर गेलाहा."

"खंय बुडी मारलस तू? कांद्याच्या गोणीत?" आबा हसले. त्यांनी खुर्ची फिरवली. "ही बघ. त्याच पाण्यातली. कशी फुलली आसत."

काका पडद्याच्या जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसला, मग गोंधळ. दीपश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि तिने मिक्सर लावला.

पुढच्या रविवारी मच्छीमार सोसायटीची बैठक होती. काकाने तिथे प्रस्ताव मांडला होता: वेताळखडप दोन वर्षं बंद ठेवायचं. नांगर टाकायचा नाही, पर्यटक न्यायचे नाहीत, आणि उरलेला उन्हाळा पूर्वेच्या बाजूवर सावलीच्या जाळ्या तरंगत्या ठेवायच्या. पश्चिम गेली तरी पूर्व अजून वाचत होती. बोटवाल्यांना ते नको होतं. ऐन मे महिन्यात खडप बंद म्हणजे त्यांचा हंगाम बुडणार. कुणीतरी म्हणालं, यशवंतदादाला विचारा, त्याच्या घरी अख्खं खडप आहे. आबांना पडद्यावर घेतलं गेलं.

आबांनी नवा शर्ट घातला होता. त्यांच्यामागे टाकी जांभळी-पोपटी उजळली होती.

"पाणी तापला ह्या खरा," आबा म्हणाले. "बोयाचो आकडो सगळ्यांका ठाऊक आसा. पण त्याच तापलेल्या पाण्यात ही जगतत, बघून घेवा. आमची पोवळी आता सवयीची झाली. भालू भियालोहा. लहानपणापासून भित्रो."

सभेत हशा पिकला. बोटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

काका उठून उभा राहिला. तो भावाशी बोलला नाही. "दिपू," तो म्हणाला, "तू शिकलेली आसस. तू सांग. ही टाकी आजच्या समुद्राक जोडलेली आसा मा?"

आबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत शंका नव्हती, अभिमान होता: माझी लेक आता सांगेल. समोर पडद्यावर शंभर माणसं होती. खरं बोलायचं तर आत्ता, या शंभर जणांसमोर, नव्या शर्टातल्या या माणसाच्या तोंडावर बोलावं लागणार होतं.

"हो काका," दीपश्री म्हणाली. "जोडलेली आहे."

काका खाली बसला. प्रस्ताव पडला.

मेअखेर त्याने तिला एक चित्रफीत पाठवली. सोबत एक शब्दही नव्हता. पूर्वेची बाजू. पांढरीसुद्धा नाही, पांढऱ्यावर मळकट हिरवा चिखलासारखा थर चढलेला, म्हणजे कातडीही गेलेली. दोन ठिकाणी नांगराने फोडलेले तुकडे. मासे नव्हते. शेवटी कॅमेरा थोडा वेळ एकाच जागी थांबला होता. तिथे शिंगवाल्या प्रवाळाचं मोठं झाड उताणं पडलं होतं.

दीपश्रीने ती आबांना दाखवली आणि सगळं सांगितलं. एका दमात, उभ्यानेच. जुने आकडे, पौर्णिमा जुळवली ते, सभेतलं खोटं.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग ते हसले.

"भालून शिकवल्यान तुका?"

"आबा, काकाला काहीच माहीत नाही. मी केलंय हे. हा बघा पडदा, हे जुने आकडे, हे आजचे."

"आकडे तूच लिवतस. उद्या शिवाजी म्हाराजांच्या वेळचो समुद्र म्हणशीत." त्यांनी काचेवर हात ठेवला. "माणूस खोटा बोलता, गो. पोवळा खोटा बोलणा नाय. खडपाचो असलो फोटो खंयचोय काढतत. समुद्रात मेलेली जागा नेहमीच आसता."

"ही जगली कारण मी त्यांना थंड पाण्यात ठेवलं!"

"मगे जोड. आजचो समुद्र जोड आत्ता. माका दाखव."

तिचं बोट पडद्यावर गेलं. एक दाब पुरेसा होता. बाहेर समुद्र अजून बत्तीस अंशांच्या वर होता. दोन आठवडे, फार तर तीन, आणि आबांच्या डोळ्यांसमोर हे सगळं पांढरं पडलं असतं. मग त्यांनी विश्वास ठेवला असता, भावाला फोन केला असता, रडले असते. पण समोरच्या काचेत वेताळखडपाचं जे होतं तेच आता वेताळखडप होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

तिने हात मागे घेतला.

"बघ," आबा म्हणाले. "जोडणा नाय तू."

जूनमध्ये पाऊस लागला, समुद्र निवला, आणि दीपश्रीने टाकी खऱ्या बोयाला जोडली. तिने ते आबांसमोर केलं. आजचं पाणी टाकीत फिरलं. थंड, आणि आता प्रवाळ नसलेल्या खडकावरचं. टाकीतल्या प्रवाळांना त्याने काहीच झालं नाही. जांभळं जांभळंच राहिलं. आबांनी आठवडाभर रोज निरखलं आणि मग फक्त एवढंच म्हणाले, "झाला समाधान?"

काकाचं नाव ते आता घेत नसत. फोन आला तर उचलत नसत. गावातली माणसं खडपावर जाऊन आली होती, काका खरं बोलत होता हे गावाला कळलं होतं, आणि आबांवर ती चिडलेली होती. पण आजारी म्हाताऱ्याला फोन करून कोण शिव्या देणार? त्यामुळे आबांना एवढंच माहीत होतं की गाव आपलं ऐकतं.

ऑक्टोबरात संस्थेतून डॉक्टर केतकी मेहेर आल्या. तरुण, नेमकं बोलणाऱ्या. त्यांच्यासोबत भालूकाका होता. प्रवाळ कापताना हात न थरथरणारा दुसरा माणूस त्यांना किनाऱ्यावर मिळाला नव्हता. टाकीतल्या प्रत्येक वसाहतीचा मोठा तुकडा प्रयोगशाळेत न्यायचा, थोडी जास्त उष्णता सोसणारं शेवाळ त्याच्यात रुजवायचं, वाढवायचं, आणि काही वर्षांनी खडपावर परत लावायचं, असा बेत होता. परवानगी जतनदाराच्या नावाची, म्हणून जतनदाराचा होकार हवा होता. कायदा तसाच होता.

"माझी कित्याक कापतास?" आबा म्हणाले. "खडपावर ढीग आसत. थयसून न्या."

डॉक्टर मेहेरांनी दीपश्रीकडे पाहिलं. दीपश्रीने त्यांना फोनवर सगळं सांगितलेलं होतं.

"आबा," दीपश्री म्हणाली, "खडपावर काही उरलेलं नाही. मी तुम्हाला मेमध्येच—"

"तू गप." आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते भावाकडे बघत होते. काका दाराजवळ चपला काढून उभा होता, घरात पुढे आलेला नव्हता. "काय रे भालू? मेली म्हणत होतस मा सगळी? मगे हय कशाक इलस?"

"पोवळी होयी, दादा."

"भर सभेत माका खोट्यात काढूक बघलस. दिपूक, माझ्या चेडवाक, मधी घातलस. आता होयी." आबांचा आवाज चढला, त्यांनी छातीवर हात धरला, दीपश्री पुढे झाली, त्यांनी तिला हातानेच दूर केलं. "देतंय. सगळी न्या. पण आधी ह्येच्या तोंडून ऐकूक होया. मी खोटा बोललंय म्हण. ह्या बाईंसमोर म्हण."

डॉक्टर मेहेर खाली मान घालून आपल्या बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होत्या. दीपश्रीने तोंड उघडलं. काकाने हात वर केला, तिच्याकडे न बघता, होडीत कुणाला थांबवावं तसा.

तो टाकीजवळ गेला. गुडघ्यांवर बसला. बराच वेळ काचेतून आत बघत राहिला. प्रत्येक वसाहत एकेक करून, जशी त्याने दोन वर्षांपूर्वी लावली होती.

"खोटा बोललंय, दादा," तो काचेकडेच बघत म्हणाला. "खडपाक काय झाला नाय. मी भियालंय."

आबांनी श्वास सोडला. त्यांचा चेहरा सैल झाला, जवळजवळ प्रेमळ. "लहानपणापासून भित्रो," ते डॉक्टरांना म्हणाले, आणि समजूतदारपणे हसले. "न्या, बाई, न्या. खंय लावतलास ती?"

डॉक्टर मेहेर क्षणभर अडखळल्या. "खडपावरच," त्या म्हणाल्या. "तिथल्या बाकीच्यांच्या शेजारी."

इतकं सहज. दीपश्रीला वाटलं, या बाईंनासुद्धा खोटं बोलायला एकच क्षण लागला.

काकाने कापणी पूर्ण केली. त्याचा हात खरंच एकदाही थरथरला नाही. आबा खुर्चीतून सूचना देत होते, तो "होय दादा" म्हणत होता. चहा झाला होता. काकाने कपाला हात लावला नाही. तुकडे गाडीत ठेवून झाल्यावर दीपश्री त्याच्यामागे पार्किंगपर्यंत गेली.

"काका, तू माझ्यासाठी—"

"तुझ्यासाठी नाय." तो गाडीचं दार धरून उभा होता. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुझ्यासाठी मी काय एक करूचंय नाय आता, दिपू. दादा मरापर्यंत ह्याच समजान ऱ्हवतलो की भाव खोटो आणि चेडू खरा. तसाच ऱ्हवां दे. पण तू माका फोन करू नको."

तो पुढच्या सीटवर बसला. आतून आबा हाक मारत होते: भालू गेला का, त्याला सांग, पुढच्या खेपेला मुक्कामाला ये म्हणावं.

"सांगते," दीपश्री म्हणाली, आणि गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत तिथेच उभी राहिली.